या सुट्टीत कोठे जायचे?

जयपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर, बस्सी नावाचे तहसिलीचे गाव आहे. दिल्ली, आग्रा आणि जयपूर अशी सहल मोटारीने किंवा बसने करणारी मराठी कुटुंबे बहुधा या गावावरून जातात. पण त्याचे नाव त्यांतील फार थोड्यांच्या लक्षात राहत असेल. जयपूरला न्याहारी उरकून निघालेली आरामगाडी तासाभरात बस्सी मागे टाकते. मुलांचे डोळे तोवर पुन्हा मिटू लागलेले असतात आणि वाटेत आभानेरीची चांद बावडी पाहायची की थेट फत्तेपूर सिक्री गाठायची, याचा खल वडीलमंडळींत चाललेला असतो.

त्याच रस्त्यावर प्रवाशांचा आणखी एक वर्ग दिसतो. मेहंदीपूरच्या बालाजीला निघालेली ही कुटुंबे जीपमध्ये, रोडवेजच्या बसमध्ये, कधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधड्या अंथरून बसलेली असतात. काही जण पायीच चाललेले असतात. त्यांच्याबरोबरही मुले असतातच. मात्र हे मूल 'आपण कोठे चाललो आहोत?' असे सहसा विचारीत नाही आणि 'पुढच्या वर्षी कोठे जायचे?' असे तर मुळीच नाही. तो प्रश्न त्याच्यापुरता त्याच्या जन्मापूर्वीच सुटलेला असतो.

या दोन मुलांमधील अंतर केवळ पैशाचे नाही, हे मांडावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

ढुंढाड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलखातील शेतकरी घराच्या प्रवासाची कारणे ठरलेली आहेत. मुलाचे पहिले केस कुलदेवतेच्या स्थानी उतरवायचे, त्याला 'जडूला' म्हणतात. आपल्याकडे जेजुरीला किंवा तुळजापूरला जाऊन जावळ काढतात, तोच हा विधी. नवे जोडपे गाठ बांधून देवाला जाते, त्याला 'जात देणे' म्हणतात. या 'जात' शब्दाचे आणि आपल्या 'जत्रे'चे मूळ एकच, संस्कृतातील 'यात्रा'. अनुवादकाला अशी शब्दांची भाऊबंदकी भेटली की उगाच आनंद होतो, म्हणून सांगितले. याशिवाय बहिणीच्या मुलांच्या लग्नात भावाने घेऊन जायचा 'मायरा', म्हणजे मामाकडचा आहेर. आणि चाकसूजवळ शील की डूंगरीवर शीतला अष्टमीला भरणारी जत्रा. त्या दिवशी आदल्या दिवशी रांधलेले थंड अन्न खायचे असा प्रघात आहे. त्यामुळे वाटखर्चातील जेवणाचा भाग आपोआपच घरच्या डब्यात बसतो. मोहरी-गव्हाची कापणी कधी उरकते आणि पंचांग काय म्हणते, यावर प्रवासाचा दिवस ठरतो. तेथे हौसेला वाव नाही. पण तुलनेलाही नाही, कारण शेजारचे मूलही तेथेच जात असते.

याचे उदात्तीकरण करण्याचा मोह आवरला पाहिजे. या प्रवासात घरातील स्त्रीला विश्रांती क्वचितच मिळते. चूल फक्त जागा बदलते. आणि जो आमेरचा किल्ला पाहायला सोलापूरचे मूल हजाराहून अधिक किलोमीटर येते, तो घरापासून चाळीसेक किलोमीटरवर असूनही बस्सीच्या अशा घराच्या प्रवासाच्या यादीत असेलच असे नाही. २०१३ मध्ये युनेस्कोने राजस्थानातील ज्या सहा डोंगरी किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत आमेर आहे. परंतु जेथे देव नाही आणि सोयरा नाही, तेथे भाडे खर्चून कशाला जायचे, हा त्या घराचा हिशेब असतो. तो हिशेब चुकीचा आहे असे म्हणता येत नाही. अपुरा आहे, इतके म्हणता येईल.

आपणही फार निराळे नाही. २०१४-१५ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत असे आढळले की, भारतातील कुटुंबांचे बहुसंख्य मुक्कामी प्रवास नातलगांना भेटण्यासाठी आणि लग्नकार्यांसाठीच होतात. निव्वळ हौसेखातर केलेला प्रवास त्या मानाने थोडा. मिळकत वाढली की प्रवासाचे अंतर वाढते असे आपण समजतो. वास्तविक त्याआधी एक बारीक बदल घडतो: कोठे जायचे हे देव, सोयरे आणि सुगी ठरवीत होती, ते आता घरात बसून ठरवायचे असते. निवड आली की विचारणे आले, आणि मुलाला विचारले की त्याच्या मनात अपेक्षा उभी राहिली. गरीब घरातील मुलाला अपेक्षा नसतात असे नव्हे. त्या त्याला कोणी विचारलेल्या नसतात.

मध्यमवर्गीय घरातील ही निवड केंद्र सरकारच्या रजा प्रवास सवलतीच्या नियमांत फार स्पष्ट दिसते. १९५६ मध्ये सुरू झालेल्या या सवलतीचा मूळ हेतू कर्मचाऱ्याला कुटुंबासह आपल्या गावी जाता यावे हा होता. पुढे 'भारतात कोठेही' जाण्याची मुभा आली. चार वर्षांच्या गटात दोनदा स्वग्रामी जाता येते. त्यांतील एका वेळी गावाऐवजी देशातील कोणतेही ठिकाण निवडता येते. म्हणजे केरळ किंवा काश्मीर पाहायचे असेल, तर आजीच्या घराची एक खेप सोडावी लागते. सरकारने जाणूनबुजून मांडलेला हा पेच नव्हे. तरी तो अनेक घरांत पडतो आणि बहुधा मुलांच्या देखत सुटतो. 'आजी काय, कुठे पळून जाते!' हे वाक्य ज्या मुलाने जेवताना ऐकले, त्याला घरात कशाचे मोल किती, हे कोणी वेगळे शिकवावे लागत नाही. उलट 'या खेपेला आजीकडे, पुढच्या खेपेला समुद्र' असे ठरवून ते पाळणारे घर मुलाला वाट पाहायला शिकविते. पाळणे महत्त्वाचे, पुढची खेप आलीच नाही तर ते मूल पुन्हा विश्वास ठेवणार नाही, आणि का ठेवावा?

प्रवास ठरला म्हणजे जमाखर्च आला. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला पूर्वी अर्ध्या तिकिटात आरक्षित जागाही मिळे. एप्रिल २०१६ पासून स्वतंत्र जागा हवी असेल तर पूर्ण भाडे द्यावे लागते, अर्ध्या भाड्यात जागा मिळत नाही. चौकोनी कुटुंबाच्या लांबच्या प्रवासात हा फरक चांगलाच जाणवतो. दुसऱ्या बाजूला, ताजमहाल, फत्तेपूर सिक्री यांसारख्या पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नसते. हे पालकांना ठाऊक असते, पण मुलांना सहसा सांगितले जात नाही. मला वाटते, सांगावे. दहा वर्षांच्या मुलाला भागाकार येतो, तर त्याला प्रवासाचा हिशेबही समजतो. आमेरला हत्तीवरून वर जायचे की पायी चढून ते पैसे जयपूरच्या बापू बाजारात मोजड्यांसाठी ठेवायचे, हा प्रश्न त्याच्यापुढे खरोखर ठेवला तर ते विचार करून उत्तर देते. 'आपल्याला परवडत नाही' एवढेच ऐकविले तर त्याला लाज वाटते, आणि काहीच न बोलता सर्व पुरविले तर त्याला ते आपोआप उगवते असे वाटते. सधन घरात हा दुसरा धोका अधिक.

अलीकडे हप्त्यांवर सहली निघू लागल्या आहेत: आधी फिरून यायचे, मग वर्षभर फेडायचे. घर, शेतीची अवजारे, मुलीचे शिक्षण यांसाठी कर्ज काढणे समजू शकते. छायाचित्रे जुनी होईपर्यंत ज्याचे हप्ते संपत नाहीत, अशी सहल मुलांच्या आनंदासाठी काढली असे कोणी म्हटले, तर मला ते पटत नाही. मुलांना हॉटेलचे तारे मोजता येत नाहीत, ते त्यांना मोठ्यांकडून कळतात. लहान मूल पहिल्या दिवशी मागते ती खिडकी. ती विमानाची असो, एस. टी.ची असो वा पॅसेंजर गाडीची.

तथापि पैसा आणि हौस दोन्ही असून प्रवास कसा मोडतो, याचे एक उदाहरण मराठी वाचकाने विसरता कामा नये. १९०१ साली साताऱ्याहून काही मुले, बरोबर कोणी मोठे माणूस न घेता, वडिलांना भेटायला आगगाडीने निघाली. वडिलांनी बोलावले होते, भाड्याचे पैसे होते, नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे असा थाट होता. मसूर स्थानकावर उतरल्यावर वडिलांचा माणूस दिसेना. मुलांचे पत्र वडिलांच्या हाती पोहोचलेच नव्हते. स्टेशनमास्तरांनी आधी आपुलकीने चौकशी केली आणि मुले महार आहेत हे कळताच त्यांचा चेहरा पालटला. कोणी गाडीवान न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, तोही मुलांनी गाडी स्वतः हाकावी आणि आपण बरोबर चालावे या अटीवर. बरोबर खायला होते, पण वाटेत प्यायला पाणी कोणी दिले नाही. अन्न तसेच राहिले. त्या मुलांतील नऊ वर्षांचा भीमराव पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाला, आणि या प्रवासाने मनावर कायमचा ठसा उमटविला असे त्यांनीच लिहून ठेविले आहे. जगाकडून काय अपेक्षावे हे मूल प्रवासात शिकते, आणि ते शिकविणारे नेहमी त्याचे आईबापच असतात असे नाही.

शाळाही शिकविते. जून महिन्यात वर्ग भरले की 'मी सुट्टी कशी घालविली' हा निबंध ठरलेला. एक मूल मनालीच्या बर्फाविषयी लिहिते, दुसरे मामाच्या गावच्या विहिरीविषयी, आणि तिसरे पेन्सिल चावीत बसते. गुरुजींनी अथवा बाईंनी वाईट हेतूने हा विषय दिलेला नसतो. पण पन्नास घरांची मिळकत एका तासात फळ्यासमोर मांडली जाते, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. 'घरापासून शाळेपर्यंतची वाट' हा विषय दिला तर काय बिघडेल? तो प्रवास प्रत्येकाने केलेला असतो.

पेन्सिल चावणाऱ्या त्या मुलांत बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची मुले असू शकतात. प्रवास त्यांना नवा नाही. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन नवराबायकोची जोडी, तिकडच्या भाषेत एक 'कोयता', ट्रकमध्ये बिऱ्हाड भरून पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील साखर कारखान्याच्या वाटेला लागते. भांडी, सरपण, कोंबड्या आणि मुले एकाच ट्रकमध्ये असतात. सहाएक महिने उसाच्या फडाजवळ कोपीत राहायचे आणि उन्हाळा लागला की परतायचे. या मुलांची शाळा बुडू नये म्हणून गावातच हंगामी वसतिगृहाची सोय करण्यात आली. आजी-आजोबांकडे राहून किंवा या वसतिगृहाच्या आधाराने मागे थांबणारी मुले थांबतात. त्यांच्या घरात प्रवासाला न जाणे हीच मुलासाठी केलेली निवड असते. ती करताना आईला काय वाटत असेल, ते ट्रक सुटताना गावच्या वेशीवर उभे राहिल्याशिवाय समजायचे नाही. मागे राहिलेले मूल हंगाम संपण्याचे दिवस मोजते. कारखान्याचा पट्टा पडला, अशी बातमी आली की ते वेशीकडे जाऊन येते. परतलेल्या ट्रकमधून आई उतरते, तेव्हा तिच्या कपड्यांना अजून उसाच्या पाचटाचा वास असतो, आणि मूल आधी गाठोडे घेते की तिचा हात, हे पाहायला तेथे छायाचित्र काढणारे कोणी नसते.