एआय एजंट विमानाचा मार्ग कसा शोधतो? समजून घेऊया



आपल्या श्रीगोंद्यात विमानतळ नाही. तरी परीक्षेला, मुलाखतीला, नोकरीला आपली मुलं आता विमानाने जातात. मग कुणीतरी मोबाईलवर एआयला विचारतं, "दिल्लीला स्वस्त विमान कोणतं?" उत्तर झटकन येतं. ते येतं कुठून आणि त्यावर किती विसंबायचं, ते आज पाहूया.

एजंट म्हणजे कोण?

एजंट म्हटलं की आपल्याला विम्याचा एजंट आठवतो! एआय एजंट म्हणजे सांगितलेलं काम टप्प्याटप्प्याने करणारा संगणकीय मदतनीस. पण त्याला आजचं तिकिटाचं भाडं माहीत नसतं. तो शिकलेला असतो जुन्या मजकुरावर, आणि भाडी तर तासातासाला बदलतात. माहिती नसताना उत्तर दिलं, तर तो चक्क नसलेलं विमानही सांगू शकतो.

म्हणून त्याला एक साधन जोडतात, त्याला टूल म्हणतात. एसटी स्टँडवरची चौकशी खिडकी डोळ्यांसमोर आणा. एजंट खिडकीवर ठरावीक नमुन्यात विचारतो: कुठून, कुठे, कोणत्या तारखेला, किती माणसं. टूल ताज्या माहितीतून विमानांची यादी परत देतं. एजंट ती वाचून तुलना करतो आणि आपल्याला मराठीत सांगतो. अशी टूलं जोडण्याची एक सामाईक पद्धत, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अँथ्रोपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वांसाठी खुली केली.

यामागचं गणित

शहरं म्हणजे बिंदू, विमानं म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषा. प्रत्येक रेषेवर एक आकडा, भाड्याचा किंवा वेळेचा. कमीत कमी बेरजेचा मार्ग शोधायची प्रसिद्ध रीत डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९५६ मध्ये शोधली आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. विमानांच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे. रस्ता चोवीस तास असतो, विमान ठरल्या वेळीच सुटतं. पहिलं विमान उतरल्यावर दुसरं पकडायला पुरेसा वेळ हवा, हेही तपासावं लागतं.

त्यात घड्याळंही वेगळी. मुंबईहून पहाटे ४ ला सुटलेलं विमान दुबईत तिथल्या ५.३० ला उतरलं, तर प्रवास किती तासांचा? मुलं पटकन दीड तास म्हणतील. पण दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे असतं, म्हणून प्रवास झाला तीन तासांचा.

खरी गोम इथे आहे

समजा, आपल्या गावातल्या एका मुलीची दिल्लीत सकाळी १० वाजता मुलाखत आहे. आदल्या दिवशी निघायचं आहे. (आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.)

१. पुण्याहून थेट विमान: तिकीट ६,५०० रुपये, संध्याकाळी ६ ला पोहोचते.
२. पुण्याहून, वाटेत विमान बदलून, दोन वेगळी तिकिटं: ४,८०० रुपये, रात्री ११ ला पोहोचते.
३. मुंबईहून थेट विमान: तिकीट ४,६०० रुपये, संध्याकाळी ६ ला पोहोचते.

"सर्वात स्वस्त कोणतं?" असं विचारलं तर टूल तिसरा मार्ग वर दाखवेल. पण टूलचा हिशोब विमानतळापासून सुरू होतो, आपला घराच्या उंबऱ्यापासून! पुण्यापर्यंत गाडीचे २,५०० आणि मुंबईपर्यंत ५,५०० रुपये धरले, तर एकूण खर्च अनुक्रमे ९,०००, ७,३०० आणि १०,१०० होतो. म्हणजे स्वस्त वाटलेला मार्गच सगळ्यात महाग निघाला.

मग दुसरा घ्यायचा का? थांबा. तिकिटं वेगवेगळी काढली असतील आणि पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं, तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी सहसा कुणी घेत नाही. १,७०० रुपये वाचवताना मुलाखतच हातची जायची. लग्नाला जायचं असतं तर ही जोखीम कदाचित चालली असती, बरं का.

टूल तुलना चोख करतं, पण कशाची तुलना करायची हे आपणच सांगायचं असतं. म्हणून असं विचारा: "श्रीगोंद्याहून निघायचं आहे, गाडीखर्च धर, तिकीट एकच हवं, रात्री ८ च्या आत पोहोचायचं आहे, सामानाचे पैसे वेगळे पडतात का तेही सांग." आलेलं उत्तर विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पडताळून पाहा. आणि पैसे भरण्याचं शेवटचं बटण मात्र स्वतःच दाबा. ओटीपी कुणालाच द्यायचा नाही, एजंटलाही नाही.

वर्गात करून पाहा

सातवी-आठवीच्या मुलांना वरचे तीन मार्ग फळ्यावर लिहून द्या. उत्तर लगेच विचारू नका. आधी विचारा, "निवड करण्यापूर्वी तुम्ही कोणते प्रश्न विचाराल?" बेरीज तर यंत्रही करतं. योग्य प्रश्न विचारायला शिकवणं, हे आपलं काम आहे.