लाल घर आणि हिरवा बंगला

आष्ट्यासारख्या कृष्णाखोऱ्यातील गावात ज्याचे बालपण गेले, त्याला घराची थोरवी खणांनी मोजण्याची सवय असते. सोपा किती खणांचा, माजघर किती खणांचे, यावरून घरधन्याची ऐपत समजे. आणि हा खण कोणा वास्तुविशारदाच्या नकाशाने नव्हे, तर हाती आलेल्या लाकडाच्या लांबीने व गावच्या सुताराच्या नजरेने ठरत असे. काळ्या दगडाचे घडीव जोते, त्यावर सागवानी खांब, खांबाच्या माथ्यावर कोरलेला हस्त, हस्तावर तुळई आणि तुळईवर कडीपाट व माळवद अशी ती रचना. जे भार वाहते ते उघड दिसावे आणि जे दिसते त्यावरच नक्षी खुलावी, हा तिचा अलिखित दस्तूर होता.

हाच दस्तूर एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडला वाद घालून परत मिळवावा लागला. यंत्राने काढलेली एकसाची नक्षी घराघरांत चिकटविली जात असताना, कारागिराच्या हातातील स्वातंत्र्य हरपले की इमारतीतील प्राणही हरपतो, असे कलासमीक्षक जॉन रस्किनने बजावले. आणि त्याच्या विचाराने भारलेल्या विल्यम मॉरिस या पंचविशीतील तरुणाने 1859 साली लंडनच्या आग्नेयेस, बेक्सलीहीथ येथे, आपला वास्तुविशारद मित्र फिलिप वेब याच्याकडून घर बांधावयास घेतले. हेच ते ‘रेड हाऊस’. त्या काळी प्रतिष्ठित माणसे विटा गिलाव्याखाली झाकीत. वेबने लाल विटा निःसंकोच उघड्या ठेवल्या, त्यांवर तीव्र उताराचे कौलारू छप्पर चढविले, काटकोनात वळलेल्या घराच्या कुशीत शंकूच्या आकाराचे छत्र धरलेली विहीर ठेवली. खिडक्या बाहेरून सारख्या दिसाव्यात यासाठी त्याने आतील खोल्यांना शिक्षा केली नाही. कोठे उभट, कोठे वर्तुळाकार, जशी आत गरज तसे बाहेर रूप. घराला शोभेल असे सामान बाजारात मिळेना, तेव्हा मित्रमंडळींनीच भिंती रंगविल्या, काचा चितारल्या, लाकूडकाम सजविले, आणि त्यातूनच 1861 मध्ये मॉरिसची गृहसजावटीची सुप्रसिद्ध पेढी जन्मास आली. घरात दोषही होता. मुख्य दालने उत्तरेकडे तोंड करून असल्यामुळे हिवाळ्यात तेथे गारठा भरे. उन्हाची दिशा पाहून ओसरी काढणाऱ्या आमच्या गवंड्याच्या हातून ही चूक घडली नसती, असे मला प्रामाणिकपणे वाटते. 1865 साली मॉरिसने ते घर सोडले.

आणि त्याच 1865 साली मुंबई बंदरात जॉन लॉकवुड किपलिंग उतरला. मॉरिसचा जिवलग मित्र, रेड हाऊसच्या भिंती रंगविणारा चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स, हा या किपलिंगचा साडू; दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. सर जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 1857 साली सुरू झालेल्या कलाशाळेत वास्तुशिल्प शिकविण्यासाठी त्याची नेमणूक झाली होती. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरील बाजारकरी माणसांची उठावाची शिल्पे त्याचीच. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर, शाळेच्या आवारातील निवासात, त्याचा पुत्र, पुढे लेखक म्हणून गाजलेला रुडयार्ड, जन्मला. आज तेथे जो हिरव्या रंगाचा, दगडी बैठकीवर लाकडी व्हरांडे मिरविणारा बंगला उभा आहे, तो मात्र जुने निवासस्थान जाऊन मागाहून बांधलेला. दीर्घकाळ शाळेच्या प्रमुखांचा मुक्काम तेथे असे. त्या लाल घराच्या शैलीच्या काटेकोर व्याख्येत तो बसेलच असे नाही. परंतु उतरते छप्पर, ऊन अडविणारा रुंद व्हरांडा, आणि लाकूड हे लाकूडच दिसावे हा आग्रह, यांत लाल घराचे नाते मला ओळखू येते, आणि आमच्या सोप्याचेही.

त्या शाळेच्या इतिहासात एक वेदनादायक विसंगती आहे. ज्या राजवटीच्या आश्रयाने गिरणीचा माल मुलखात ओतला गेला आणि कारागिराचे पोट तुटले, तिच्याच दप्तरातून कारागिरी जगविण्याच्या तजविजी निघत होत्या. त्याच राजवटीतील अधिकारी जॉर्ज बर्डवुडने 1880 साली हिंदुस्थानी हस्तकलांवर ग्रंथ लिहून गावच्या कुंभार-विणकरांची मनापासून वाखाणणी केली. 1891 मध्ये कलाशाळेत मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने कारागिरीच्या कार्यशाळाही उघडल्या. बोरीबंदर स्थानकाच्या दगडी पानाफुलांत या शाळेतील विद्यार्थ्यांचे हात आहेत. पण त्यांपैकी कोणाचे नाव सामान्य प्रवाशास ठाऊक आहे? कोल्हापुरात जन्मलेले चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर तेथे शिकून नावारूपास आले, ही आमच्या मुलखाला अभिमानाची गोष्ट; त्यांच्यासारखे भाग्य दगड घडविणाऱ्याच्या वाट्यास आले नाही.

गावातही कारागिराचे नशीब फारसे वेगळे नव्हते. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 1915 च्या ‘गावगाड्या’त ज्या बलुतेदारीची चिकित्सा केली, ती न्याय्य नव्हती, सुताराला सुगीच्या खळ्यावर बलुत्यासाठी ताटकळावे लागे. म्हणून तिच्याविषयी हळहळणे मला मान्य नाही. मात्र तिच्याबरोबर हाताचे ज्ञानही गेले, याचे दुःख झाल्यावाचून राहत नाही. वाटणीत वाडे उतरतात, खांब जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे जातात, आणि शहरातील उपाहारगृहांत ते कशाचाही भार न वाहता उभे राहतात.

आमच्या घराचा सोपा उतरला, तेव्हा एक हस्त मी मागून घेतला. त्याच्या दर्शनी बाजूस केळफुलाच्या पाकळ्या इतक्या मृदू कोरल्या आहेत की बोट फिरवले तरी कोठे धार लागत नाही. आणि भिंतीकडे राहिलेल्या, कोणाच्याही दृष्टीस न पडणाऱ्या पाठीवर वाकसाचे घाव एकाखाली एक, समान अंतराने, आजही स्पष्ट मोजता येतात.