रोज एक भुंगेरा, अकराशे वर्षं

पावसाळ्यात आंबोलीला गेलेली बहुतेक मंडळी धबधब्याखाली भिजतात, भजी खातात आणि परततात. काही जण मात्र अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन निघतात आणि ओल्या कातळावर कंबर वाकवून चालू लागतात. ही बेडूक-किड्यांच्या नादी लागलेली माणसं. त्यांच्यापुढे केवढं काम वाढून ठेवलंय, त्याचा हिशेब मांडून बघा.

शास्त्रात नोंद झालेले उभयचर सुमारे ८,९०० जातींचे. दिवसाला एक जात बघितली तर चोवीस-पंचवीस वर्षांत यादी संपते. जबर हौस असेल तर एका जन्मात उरकेल. आता भुंगेरे घ्या, फक्त भुंगेरे. त्यांच्या ज्ञात जाती जवळपास ४ लाख. रविवार-दिवाळी न पाळता रोज एक बघितला तरी १,०९५ वर्षं लागतील! यादी आज पुरी व्हायची तर सुरुवात राष्ट्रकूटांच्या राज्यात करायला हवी होती. सगळे कीटक धरले तर ज्ञात जाती साधारण १० लाख, म्हणजे २,७०० वर्षं. मग थेट बुद्धाच्याही आधी जावं लागेल. आणि हे झालं फक्त बारसं झालेल्यांचं. कीटकांच्या एकूण जाती ५५ लाखांच्या आसपास असाव्यात, असा एक अंदाज आहे. तो खरा असेल तर पाचांतल्या चारांहून जास्त अजून बिननावाच्या आहेत.

बेडकांचीही यादी काही बंद झालेली नाही. कुशीवर पिवळे उभे पट्टे मिरवणारा आंबोली टोड शास्त्रज्ञांच्या वहीत आला तो थेट २००९ साली. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या गावात, जांभ्याच्या सड्यावरच्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. उभ्या जगात आंबोली परिसराबाहेर तो आढळत नाही. त्याच्या प्रजातीत दुसरा आहे तो कोयनेचा टोड. तिसरा कोणी नाही.

इतक्या जातींना मूठभर शास्त्रज्ञ कुठे पुरणार? म्हणून हौशी लोकांच्या नोंदींना मोल आहे. २००८ साली विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालेल्या ‘आयनॅचरलिस्ट’वर आज २० कोटींहून जास्त नोंदी आहेत. ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचं जातीवर एकमत झालं, की ती नोंद ‘रिसर्च ग्रेड’ ठरू शकते. ॲप सुचवतं त्या नावावर मात्र फार विसंबू नये. निलवंत फुलपाखराला ते चटकन ओळखेल. झुडपातल्या नखाएवढ्या तपकिरी बेडकापुढे त्याची भंबेरी उडते. तिथे आवाज रेकॉर्ड केलेला असेल तरच काही खरं.

तेव्हा यंदा बाल्कनीतल्या दिव्यावर पतंग आला तर फोटो वरून काढा, बाजूनं काढा. तारीख आणि ठिकाण टाका. आणि डासांचं मलम लावलेल्या हातानं बेडूक उचलू नका. तो कातडीवाटे श्वास घेतो.