वाघाच्या कुळाची चौकशी

पेट्रोलवर आणि हायब्रिड यंत्रणेवर चालणारी, आपल्याच मकान या एसयूव्हीच्या तोडीची एक नवी एसयूव्ही या दशकाच्या आत बाजारात आणण्याचा मनोदय स्टुटगार्टच्या पोर्शे कंपनीने २०२५ साली जाहीर केला, आणि केयेन ही तिची पहिली एसयूव्ही २००२ मध्ये आली तेव्हापासून शौकिनांच्या दरबारात धूळ खात पडलेली फिर्याद पुन्हा वर निघाली. फिर्यादीचा मजकूर असा की, ९११ सारखी क्रीडा-मोटार घडवणाऱ्या घराण्याने उंच, अवजड आणि संसारी गाड्या विकाव्यात, हा कुलाचाराचा भंग होय. तरुणपणी मीही या फिर्यादीवर मनोमन सही केली होती. पुढे एकेक कलम पुराव्याशी ताडून पाहू लागलो, तेव्हा त्यांतली बहुतेक खारीज करावी लागली, आणि एक मात्र अद्याप करता आलेले नाही.

पहिले कलम कुळाचे. या घराण्याने शर्यतीच्या मोटारींखेरीज कशालाच कधी हात लावला नाही, अशी जी समजूत आहे, तिला इतिहासाचा आधार नाही. १९५० च्या दशकात पश्चिम जर्मनीच्या सैन्यासाठी पोर्शेने ५९७ या क्रमांकाची, चारही चाकांना गती देणारी, चिखल तुडवणारी गाडी तयार केली होती. कंत्राट डीकेडब्ल्यू कंपनीच्या पदरात पडले आणि सत्तरएक गाड्यांवर तो मामला संपला. त्याच काळात पोर्शेच्या नावाचे, तिच्या आराखड्यावर बेतलेले ट्रॅक्टर जर्मनीतल्या शेतांत नांगर ओढीत होते. १९८४ आणि १९८६ या दोन्ही साली पॅरिस-डाकार ही सहारातली शर्यत पोर्शेनेच जिंकली. ज्या घराण्याने वाळू, चिखल आणि ढेकळे इतकी पाहिली आहेत, त्याच्या सोवळेपणाची काळजी इतरांनी किती वाहावी, हा प्रश्नच आहे.

दुसरे कलम उसनवारीचे, आणि ते मला सर्वांत मनोरंजक वाटते. २०१३ च्या अखेरीस लॉस एंजेलिस येथे जगापुढे आलेल्या मकानचा मूळ सांगाडा ऑडी क्यू५ या गाडीशी सामाईक होता, म्हणून ती ‘खरी पोर्शे’ नव्हे, असे म्हणतात. सांगाड्यासंबंधीचे विधान खरे, निष्कर्ष मात्र खोटा. सुरुवातीच्या थोरल्या मकानची सहा सिलिंडरची पेट्रोल इंजिने पोर्शेची स्वतःची होती. धाकट्या मकानचे दोन लिटरचे इंजिन समूहाच्या सामाईक कोठारातून आले, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु उसनवारी हाच जर दोष, तर तो मूळ पुरुषापासूनचा आहे. ८ जून १९४८ रोजी ऑस्ट्रियातील कॅरिंथिया प्रांताच्या सरकारने जिला रस्त्यावर धावण्याचा परवाना दिला, ती पोर्शे नावाची पहिली गाडी फोक्सवॅगनच्या ‘बीटल’चे ३५ अश्वशक्तीचे इंजिन पोटात घेऊनच जन्मली. १९७६ ची ९२४ तर मुळात फोक्सवॅगनसाठी आखलेली आणि नेकार्सुल्म येथील ऑडीच्या कारखान्यात जुळवलेली. मकानची ऑडी बहीण क्यू५ आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जोडली जाते, आणि मकान मात्र आजवर अखंड परदेशातूनच आली. एकाच सांगाड्याच्या दोन बहिणींच्या नशिबी जकातीचे निरनिराळे हिशेब यावेत, ही आपल्याकडची गंमत.

नावाचीही एक गंमत येथेच सांगून टाकतो. मकान म्हणजे जावा-इंडोनेशियाकडील भाषेत वाघ. पण तेथील उच्चार ‘माचान’ असा होतो, जर्मन तिला ‘मकान’ म्हणतात, आणि आपल्याकडे मचाण ही वाघाची शिकार करायला बसण्याची जागा!

एसयूव्हीने क्रीडा-मोटारीचा गळा घोटला, हे तिसरे कलम ताळेबंदापुढे टिकत नाही. १९९३ च्या सुमारास कंपनीच्या गाड्यांचा वार्षिक खप १४,००० च्या घरात घसरून ती दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभी होती. २०२४ मध्ये तिने ३,१०,७१८ गाड्या ग्राहकांच्या हवाली केल्या. त्यांत केयेन १,०२,८८९, मकान ८२,७९५, आणि जिचा गळा घोटला गेला असे म्हणतात ती ९११ तब्बल ५०,९४१. म्हणजे वाचलेल्या ९११ चा खर्च संसारी गाड्यांनीच उचलला.

मकानला लावल्या जाणाऱ्या ‘कॉम्पॅक्ट’ या शब्दाने आपल्याकडे वेगळाच घोटाळा केला आहे. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या मोटारींना करात सवलत मिळू लागल्यामुळे, कॉम्पॅक्ट म्हणजे चार मीटरच्या आत, असे समीकरण येथे रूढ झाले. पहिली मकान ४.६८ मीटर लांब आणि १.९२ मीटर रुंद होती. ती लहान होती ती केवळ केयेनच्या शेजारी.

पेट्रोलची मकान युरोपातून प्रदूषणाच्या कायद्याने हद्दपार झाली, हा समज तर सुशिक्षितांतही आढळतो. वास्तविक २०२४ च्या जुलैत तेथे लागू झालेल्या, मोटारींतील संगणकीय यंत्रणांच्या सुरक्षेविषयीच्या नियमांत तिचा जुना आराखडा बसेना, आणि तो बदलणे परवडणारे नव्हते. तिच्या जागी विजेवरची मकान आली, तेव्हा ‘वीज म्हणजे परंपरेचा अंत’ अशी हाकाटी झाली; परंतु फर्डिनांड पोर्शे यांनी वयाच्या पंचविशीत, १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेली गाडी चाकांच्या तुंब्यांतच विजेच्या मोटारी बसवलेली होती, आणि पेट्रोल इंजिनाने वीज निर्माण करून चाके फिरवणारा हायब्रिड प्रयोगही त्यांनी त्याच सुमारास केला. तथापि गैरसमजाचा वाटा केवळ शौकिनांच्या खाती घालणे अन्यायाचे होईल. २०३० पर्यंत आपल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक गाड्या विजेवरच्या असतील, असे उद्दिष्ट कंपनीने २०२२ मध्ये जाहीर केले होते, आणि ग्राहकाने ते मंजूर केले नाही. नवी पेट्रोल एसयूव्ही हा त्या चुकीचा कबुलीजबाबच आहे.

राहिले शेवटचे कलम, वजनाचे. १९४८ ची ती पहिली गाडी ५८५ किलोची होती. २०१४ ची मकान एस १,८६५ किलोची, आणि विजेवरची चारचाकी-चालनाची मकान सुमारे २,३३० किलोची. तराजूच्या एका पारड्यात ही ठेवली, तर दुसऱ्या पारड्यात १९४८ च्या चार गाड्या चढवाव्या लागतील. यावर वेगाचे आकडे हे उत्तर होत नाही, कारण वेग अश्वशक्तीने विकत घेता येतो, वळणावरचा हलकेपणा येत नाही. नवी गाडी येईल तेव्हा तिच्या इंजिनाचा आवाज, दिव्यांची ठेवण आणि किंमत यांची चर्चा इतर करतीलच. मी विक्रेत्याला आधी वजन विचारणार आहे.