तान सावकाश, सूर जागच्या जागी

ध्वनिमुद्रणाची गती कमी करायची, पण स्वर खाली उतरू द्यायचा नाही आणि हवा तो तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा, ही सोय आता साध्या मोबाइलवरही मिळते. ऐकून गाणे बसवणाऱ्यांना तिचा फार उपयोग होतो, आणि जबलपूरसारख्या शहरात तर विशेषच. भातखंडे संगीत महाविद्यालयामुळे तिथे शास्त्रीय संगीताचे शिक्षण मिळते, पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरेही आहेत. पण जुन्या वळणाचे नाट्यपद समोर बसवून घोटून घेणारा गुरू पुण्या-मुंबईसारखा तिथे सहज भेटेलच असे नाही. अशा वेळी तालीम रेकॉर्डकडूनच घ्यावी लागते.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात पद, आलाप आणि ताना बसवायच्या, म्हणून गाणे दाटीवाटीचे होई. त्यात मास्टर दीनानाथ मंगेशकरांसारखा (१९००–१९४२) गवई असला की तान कुठून निघाली आणि समेवर कधी आली, हेच कळत नाही.

पूर्वी ही तबकडी ३३⅓ फेऱ्यांवर लावून पाहत. गाणे सावकाश होई, पण स्वर सव्वा सप्तकाच्या आसपास खाली जाई. टेपरेकॉर्डर त्याहून बरा होता. सेकंदाला साडेसात इंच वेगाने भरलेली टेप पावणेचार इंचांवर चालवली की गती निम्मी होते आणि स्वर बरोबर एक सप्तक उतरतो, म्हणजे पेटीवर पट्टी तीच राहते. मात्र गायिकेचा आवाज घोगऱ्या पुरुषासारखा ऐकू येतो, तो वेगळाच प्रकार.

सॉफ्टवेअर ही गाठ वेगळ्या रीतीने सोडवते. ध्वनीचे सेकंदाच्या काही शतांशांएवढे बारीक तुकडे पाडून ते एकमेकांवर थोडे चढवत, जास्त वेळात पसरवले जातात. प्रत्येक तुकड्यातील कंपने तशीच राहतात, म्हणून स्वर हलत नाही. दुसरी पद्धत ‘फेज व्होकोडर’ची. ती १९६६ मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी मांडली. दोन्हींत आकार बऱ्यापैकी शाबूत राहतो, तबला मात्र बिघडतो. थापेचा क्षणिक आघात ताणला की तो पसरट होतो किंवा दोनदा ऐकू येतो. म्हणून फार हळू वाजवून ठेका शिकायला जाऊ नये.

हिशेब असा. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा आणि तान दुगुणीत असेल, तर सेकंदाला आठ स्वर पडतात. नवख्या कानाला ते मोजता येत नाहीत. गती निम्मी केली की चार उरतात, आणि ते पेटीवर शोधता येतात. ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज टेम्पो’मध्ये उणे ५० घातले की हे काम होते. ‘चेंज पिच’ वेगळे आहे: काळी दोनमधील गाणे काळी तीनमध्ये हवे असेल तर तीन अर्धस्वर चढवावे लागतात. यूट्यूबवरही गती ०.७५ किंवा ०.५ करता येते आणि स्वर तोच राहतो.

लूपचा तुकडा निवडणे हे खरे कसब. दोन-तीन स्वरांचा तुकडा फिरवत बसले की मींड मधेच तुटते आणि शिकणारा तुटलेलीच मींड गळ्यात बसवतो. एका श्वासात येणारी संपूर्ण ओळ घ्यावी, आणि समेच्या आधीची एक-दोन आवर्तनेही सोबत ठेवावीत, म्हणजे उठाव कळतो. निम्म्या गतीवर स्वर कळले की लगेच ६०, ७५, ९० टक्के असे चढावे. सावकाश गतीवर मुक्काम लांबला तर तान सरगमीसारखी सुटी सुटी होते. खटका आणि मुरकी तर पूर्ण गतीतच खटका-मुरकी असतात.

जुन्या तबकड्यांबाबत आणखी एक खबरदारी हवी. सुरुवातीच्या काळात सगळ्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनी भरलेल्या नसत. त्यामुळे यूट्यूबवर ऐकू येणारी पट्टी गायकाची खरी पट्टीच असेल असे नाही, आणि ती दोन काळ्या-पांढऱ्यांच्या मधेही पडू शकते. आधी तानपुरा किंवा पेटी लावून षड्ज तपासावा, रेकॉर्ड तेवढी वर-खाली करून घ्यावी आणि मगच गती कमी करावी.