शाळेसाठी कमी खर्चाचे सुतारी मेज

हस्तव्यवसायाच्या तासाला लाकूडकाम घ्यावयाचे, परंतु त्यासाठी मेज नाही, ही अडचण ग्रामीण शाळांतून नेहमी ऐकू येते. वर्गातील हलक्या टेबलावर रंधा मारू लागताच टेबलच पुढे सरकते. करवत वाकडी जाते. पटाशी निसटून हातात घुसते. म्हणून मुलाच्या हातातील लाकूड स्थिर राहणे हा केवळ सोयीचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. यासाठी महागड्या मेजाची मात्र आवश्यकता नाही.

१८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि घाटावरच्या बैलगाड्या पनवेल बंदराकडे येऊ लागल्या. एकोणिसाव्या शतकात पनवेल गाड्यांच्या चाकांसाठी प्रसिद्ध होते. आरे तुंब्यात घट्ट बसले नाहीत, तर वर लोखंडी धाव चढवूनही चाक टिकत नाही. मेजाचेही तसेच आहे. त्याची मजबुती लाकडाच्या किमतीत नसून सांध्यांत असते.

उतरविलेल्या घराचे वासे व मोडक्या बाकांच्या फळ्या या कामास चालतात. कीड लागलेले लाकूड टाळावे व जुने खिळे आधी काढून घ्यावेत. लांबी १२० सेंमी व रुंदी ५० सेंमी पुरेशी होते. पाय ७ ते ८ सेंमी जाड व वरच्या फळ्या ४ सेंमी जाड असाव्यात. मूल ताठ उभे राहून हात खाली सोडील, तेव्हा मनगट येईल तेवढी उंची ठेवावी. पाचवी ते सातवीच्या मुलांस ती साधारण ६५ सेंमी होते. ठेंगण्या मुलाच्या पायाखाली रुंद, न डगमगणारी फळी द्यावी.

प्रथम दोन पाय व दोन आडव्या पट्ट्या यांची एक, अशा दोन चौकटी कराव्यात. पट्टीचे कुसू तिच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवून पायाच्या खाचेत घट्ट बसवावे. कोपऱ्यापासून एका बाजूवर ३० व दुसरीवर ४० सेंमी मोजावे. त्या दोन खुणांतील अंतर ५० सेंमी भरले की काटकोन बरोबर समजावा. हे मोजमाप मुलांकडूनच करवून घ्यावे. भूमितीचा पाठ तेथेच होतो. नंतर दोन लांब पट्ट्यांनी चौकटी नटबोल्टने जोडाव्यात व मागील बाजूस एक तिरकस पट्टी ठोकावी. चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाही.

पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगते. यास्तव वरच्या फळ्यांत ३ ते ४ मिलिमीटर फट ठेवावी व खिळ्यांची डोकी आत दाबावीत, म्हणजे रंध्याची धार बिघडत नाही. पायांच्या तळाला डांबर लावावे. एका टोकास कठीण लाकडाची खुंटी बसविली की रंधताना तुकडा सरकत नाही. खालच्या पट्ट्यांवर फळी टाकून दगड ठेवल्यास मेज जागचे हलत नाही. पाऊस संपल्यावर नटबोल्ट पुन्हा आवळावेत.

खाचा पाडण्याचे काम शिक्षकांनी अथवा गावातील सुताराने करावे. मोजणे, घासणे व जोडणे मुलांनी करावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे सुचविले आहे. गावच्या सुतारास गुरू मानून शाळेत सन्मानाने बोलाविण्यास यापेक्षा चांगले निमित्त नाही.