कोंब आलेला बटाटा टाकू नका, लावा!

शेजारच्या काकूंनी काल टोपलीतला बटाटा दाखवला. डोळ्यांतून जाड, जांभळट कोंब वर आलेले. "टाकून देऊ का गं?" म्हटलं, अजिबात नको, हीच तर लावायची वेळ!

आपल्याकडे घरी बटाटा लावायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. रात्रीचं तापमान २० अंशांच्या खाली असलं की बटाटे चांगले धरतात. उन्हाळ्यात नुसता पाला माजतो.

बटाटा मोठा असेल तर कापा, पण प्रत्येक फोडीला निदान दोन डोळे हवेत. फोडी एक-दोन दिवस सावलीत सुकवा, म्हणजे मातीत सडत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मातीची भर. बटाटा हे मूळ नाही, खोड आहे. गाडलेल्या खोडातून पांढरे धुमारे आडवे फुटतात आणि त्यांची टोकं फुगून बटाटे होतात. म्हणून ग्रो बॅग आधी एक तृतीयांशच भरा. रोप वीतभर झालं की शेंडा उघडा ठेवून माती आणि शेणखत घाला. वाढलं की पुन्हा घाला. मी भरीत कुजलेला पालापाचोळाही मिसळते. माती इतकी भुसभुशीत राहते की बटाटे हातानेच उकरता येतात.

भरीमुळे बटाट्याला ऊनही लागत नाही. उजेडाने हिरव्या पडलेल्या बटाट्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं आणि ते शिजवूनही जात नाही. असे बटाटे खाऊ नका.

साधारण तीन महिन्यांनी पाला पिवळा पडला की पाणी तोडा आणि आठवड्याभराने काढणी करा.

कुठे अडलं तर खाली नक्की विचारा, रोपाचा फोटोही टाका.